निशाण हरवलेली पलटण : २४ वी रेजिमेंट आणि साउथ वेल्स बॉर्डरर्स

ताम्रपट (धागाकर्ता)

बहुतेक पलटणी आपल्या विजयांचे दिवस पाळतात. वेल्समधील ब्रेकन या छोट्या गावात जिचे घर होते, त्या पायदळ पलटणीच्या आठवणींच्या केंद्रस्थानी मात्र दोन मोठे आघात आहेत: १३ जानेवारी १८४९ रोजी पंजाबातील चिलियनवाला आणि २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडमधील इसांडल्वाना. दोन्ही रणांगणांवर तिचे शेकडो सैनिक पडले आणि दोन्ही वेळा राणीचे निशाण हातचे गेले. ही पलटण प्रथम २४ वी रेजिमेंट म्हणून आणि १८८१ पासून साउथ वेल्स बॉर्डरर्स म्हणून ओळखली गेली. तिचा इतिहास वाचताना माझे असे मत बनत गेले आहे की तिची ओळख मुख्यतः या दोन दिवसांची आठवण सांभाळता सांभाळताच घडली. त्यावर येथील जाणकारांशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. १६८९ साली सर एडवर्ड डेरिंग यांनी ही पलटण इंग्लंडच्या केंट परगण्यात उभी केली. म्हणजे जन्माने तिचा वेल्सशी काहीही संबंध नव्हता. पुढे ड्यूक ऑफ मार्लबरो झालेले जॉन चर्चिल काही काळ तिचे कर्नल होते आणि ब्लेनहाइम, रामिली, मालप्लाके या त्यांच्या लढायांत ती लढली. अठराव्या शतकाच्या मध्यात तिला २४ हा क्रमांक मिळाला. १७७७ मध्ये अमेरिकेत साराटोगा येथे जनरल बरगॉइन यांच्या सैन्याबरोबर तिला शरण जावे लागले. तिचे लेफ्टनंट कर्नल सायमन फ्रेझर त्याच मोहिमेत कामी आले. १७८२ मध्ये 'दुसरी वॉरिकशर' हे नाव आणि १८०१ च्या इजिप्त मोहिमेबद्दल स्फिंक्सचे मानचिन्ह तिच्याकडे आले. हे स्फिंक्स पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे.

चिलियनवाला हे गाव आज पाकिस्तानच्या मंडी बहाउद्दीन जिल्ह्यात आहे. दुसऱ्या शीख युद्धात शेरसिंग अटारीवाला यांच्या सैन्याने तेथे दाट काटेरी झाडीच्या आड मोर्चे बांधले होते. सरसेनापती लॉर्ड गॉफ यांनी दिवस कलत असताना, जागेची पुरती टेहळणी न करता हल्ल्याचा हुकूम दिला. डाव्या बाजूच्या डिव्हिजनचे नेतृत्व कॉलिन कँपबेल यांच्याकडे होते आणि त्यातील ब्रिगेडियर पेनीक्विक यांच्या ब्रिगेडमध्ये २४ वी रेजिमेंट मध्यभागी, तर बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या २५ व्या आणि ४५ व्या पलटणी तिच्या दोन बाजूंना होत्या. गोळीबारात वेळ न दवडता संगिनीच्या बळावरच तोफा घ्याव्यात, असे कँपबेल यांनी बजावले होते. २४ व्या रेजिमेंटने ते शब्दशः पाळले. झाडीतून धावताना रांगा मोडल्या, बाजूच्या पलटणी मागे पडल्या, आपल्या तोफखान्याचा आधार उरला नाही, आणि तरीही ही माणसे शीख तोफांपर्यंत पोहोचली. काही तोफा निकामी करण्यासाठी त्यांच्या कानांत खिळे ठोकण्याचे काम सुरू असतानाच दोन्ही बाजूंनी शीख पायदळाचा मारा सुरू झाला आणि धाप लागलेल्या, विस्कळीत झालेल्या पलटणीला माघार घ्यावी लागली. सुमारे एक हजार सैनिकांपैकी ५०० हून अधिक ठार किंवा जखमी झाले. ठार झालेल्या अधिकाऱ्यांची संख्या १३ होती. ब्रिगेडियर पेनीक्विक पडले, आणि याच पलटणीत नवा दाखल झालेला त्यांचा किशोरवयीन मुलगाही त्याच दिवशी मारला गेला. राणीचे निशाण नाहीसे झाले ते कायमचे. एका सैनिकाने ते अंगाभोवती गुंडाळून घेतले आणि तो त्यासकट पुरला गेला, अशी कथा पलटणीत सांगितली जात असे.

या लढाईत शौर्य कमी नव्हते, पण ते ज्या हुकमाखाली खर्ची पडले तो हुकूम चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. धापा टाकत तोफांवर पोहोचलेल्या पायदळाला भरलेली बंदूक वापरण्याची मुभा असती आणि पाठीशी दोन तोफा असत्या, तर त्या दिवसाचा निकाल निराळा लागू शकला असता.

तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८७९ रोजी, पहिल्या बटालियनच्या पाच कंपन्या आणि दुसऱ्या बटालियनची एक कंपनी इसांडल्वाना या डोंगराच्या पायथ्याशी छावणीत होती. हा एकाकी डोंगर बसलेल्या स्फिंक्ससारखा दिसतो आणि सैनिकांच्या पोशाखावर तेच चिन्ह होते. ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड पहाटेच निम्मे सैन्य घेऊन झुलूंच्या शोधात निघून गेले. छावणीभोवती गाड्यांचा कोट नव्हता, खंदकही नव्हता. न्त्शिंगवायो खोझा यांच्या नेतृत्वाखालील सुमारे २०,००० झुलू योद्ध्यांनी हल्ला चढवला आणि छावणीतील सुमारे १,३०० माणसे मारली गेली. त्यांत २४ व्या रेजिमेंटचे जवळजवळ ६०० जण होते. मागे थांबून लढलेल्या सहा कंपन्यांचा एकही अधिकारी वाचला नाही.

पहिल्या बटालियनचे अॅडज्युटंट टेनमथ मेलविल राणीचे निशाण घेऊन घोड्यावरून निघाले. पुराने फुगलेल्या म्झिन्याथी नदीत, जिला इंग्रज बफेलो नदी म्हणत, ते त्यांच्या हातून निसटले. त्याच बटालियनचे लेफ्टनंट नेव्हिल कॉगहिल पलीकडच्या काठावर सुखरूप पोहोचले होते, तरी ते मेलविल यांच्यासाठी परत पाण्यात उतरले. दोघेही काठावर मारले गेले. निशाण ४ फेब्रुवारीला नदीपात्रात सापडले. जुलै १८८० मध्ये ऑस्बोर्न येथे व्हिक्टोरिया राणीने त्यावर स्वतःच्या हाताने सुकलेल्या फुलांचे एक वर्तुळ चढवले आणि तेव्हापासून पलटणीच्या निशाणाच्या काठीवर चांदीचे पुष्पचक्र असते. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १९०७ मध्ये, कारण १८७९ च्या सुमारास हा सन्मान मरणोत्तर देण्याची पद्धत नव्हती.

त्याच दुपारी आणि रात्री, काही मैलांवर रॉर्क्स ड्रिफ्ट या उताराच्या ठाण्यावर दुसऱ्या बटालियनच्या बी कंपनीने आणि इतर काही लोकांनी, मिळून सुमारे दीडशे जणांनी, तीन ते चार हजार झुलूंना थोपवले. नेतृत्व रॉयल इंजिनियर्सचे लेफ्टनंट चार्ड आणि २४ व्या रेजिमेंटचे लेफ्टनंट ब्रॉमहेड यांच्याकडे होते. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून त्यांनी आडोसा केला होता. एकूण ११ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकी सात या पलटणीला मिळाले. जगाला हाच भाग जास्त ठाऊक आहे, म्हणून मी येथे त्यावर अधिक लिहीत नाही.

पायवाट

धागा आवडला. एक प्रश्न आहे. १९६४ च्या प्रसिद्ध इंग्रजी चित्रपटात रॉर्क्स ड्रिफ्टचे सैनिक सगळे वेल्श असल्यासारखे दाखवले आहेत आणि ते गातातही. आपण म्हणता की तेव्हा पलटणीचे नाव 'दुसरी वॉरिकशर' होते. मग १८७९ मध्ये ही पलटण खरोखर किती वेल्श होती? आणि नसेल, तर वेल्श लोकांनी तिला आपली कधी आणि कशी मानली?

ताम्रपट

पायवाट, हा प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे. १८७३ मध्ये युद्धमंत्री कार्डवेल यांच्या सुधारणांनुसार प्रत्येक पलटणीला भरतीसाठी ठरावीक मुलूख आणि एक कायमचे ठाणे नेमून देण्यात आले. २४ व्या रेजिमेंटला ब्रेकन मिळाले. त्यापूर्वी ती ब्रिटिश बेटांत जेथे माणूस मिळेल तेथून भरती करत असे. इसांडल्वाना येथे मारली गेलेली पहिली बटालियन अनेक वर्षे भूमध्य समुद्रातील ठाण्यांवर आणि नंतर दक्षिण आफ्रिकेत होती. त्यामुळे ब्रेकनच्या नव्या भरतीचा तिला फारसा स्पर्श झाला नव्हता. दुसरी बटालियन १८७८ पर्यंत मायदेशी होती, म्हणून तिच्यात ब्रेकनशर आणि मॉनमथशर येथील तरुण अधिक आले. तरीही रॉर्क्स ड्रिफ्टच्या बी कंपनीत इंग्रजांची संख्या वेल्शांपेक्षा जास्त होती आणि आयरिशही होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले हेन्री हूक ग्लॉस्टरशरचे होते. जॉन विल्यम्स, ज्यांचे खरे आडनाव फील्डिंग, ते मॉनमथशरचे होते.

म्हणजे वेल्शपण आधी कागदावर आले आणि माणसांत नंतर उतरले. १ जुलै १८८१ रोजी नाव बदलून साउथ वेल्स बॉर्डरर्स झाले, तेव्हा लढाईला अडीच वर्षे होऊन गेली होती. मला मात्र यात काही खोटेपणा वाटत नाही. पुढच्या पिढ्यांत ग्वेंटच्या, म्हणजे मॉनमथशर भागातल्या, कोळसाखाणींतील आणि ब्रेकनच्या डोंगराळ शेतांतील मुले याच पलटणीत गेली, ब्रेकनमध्ये शिकली आणि आधीच्या पिढीच्या मृतांची नावे आपली मानून पाठ करत राहिली. वारसा रक्ताने मिळतो तसा तो नेमणुकीनेही मिळू शकतो, फक्त तो पुढे निभावावा लागतो. आणि या लोकांनी तो निभावला.

जुना पलटणकर

माझी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली निशाणाबद्दल. आज निशाण फक्त संचलनात दिसते, त्यामुळे एका कापडासाठी दोन अधिकाऱ्यांनी जीव का द्यावा, असे नव्या वाचकाला वाटू शकते. बंदुकीच्या धुरात आणि गोंधळात पलटणीला एकत्र येण्याची जागा दाखवणारी ती एकच खूण असे. निशाण उभे आहे म्हणजे पलटण उभी आहे, हे दूरवरच्या शिपायालाही कळे. इसांडल्वाना नंतर दोनच वर्षांनी, जानेवारी १८८१ मध्ये, लँग्ज नेक येथे बोअर लोकांविरुद्ध ५८ व्या रेजिमेंटने निशाण उघडून हल्ला केला. ब्रिटिश पलटणीने लढाईत निशाण नेण्याची ती शेवटची वेळ. लांब पल्ल्याच्या रायफलींपुढे निशाणधारी अधिकारी म्हणजे आयते लक्ष्य झाले होते. तेव्हा मेलविल आणि कॉगहिल यांची कथा एका मोठ्या परंपरेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरची आहे.

दुसरी गोष्ट आपल्या माणसांच्या जवळची आहे. पहिल्या महायुद्धात साउथ वेल्स बॉर्डरर्सची चौथी बटालियन तुर्कस्तानातील गॅलिपोलीहून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवण्यात आली. त्या वेळी कुत अल अमारा येथे जनरल टाउनशेंड यांची ६ वी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती आणि त्या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. १०३ वी म्हणजे आजची जंगी पलटण. कोकणातील आणि देशावरील जवान आत उपाशी लढत होते, आणि त्यांना सोडवण्यासाठी बाहेरून जे सैन्य चिखल तुडवत पुढे सरकत होते, त्यात ही वेल्श बटालियन होती.

५ एप्रिल १९१६ रोजी फलाहिया येथील मोर्चांसमोर कॅप्टन अँगस ब्यूकॅनन यांनी उघड्यावर पडलेल्या जखमी अधिकाऱ्याला तुफान माऱ्यातून उचलून आणले आणि लगेच दुसऱ्या जखमीसाठी परत गेले. ९ एप्रिलला सन्नायात येथे शिपाई जेम्स फिन यांनी शत्रूच्या खंदकासमोर जाऊन जखमींना पट्ट्या बांधल्या आणि मारा चालू असतानाच त्यांना मागे आणले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फिन पुढच्याच वर्षी मरण पावले. ब्यूकॅनन यांची दृष्टी १९१७ मध्ये डोक्याला गोळी लागून गेली, आणि त्यानंतरही ते कायद्याचा अभ्यास करून वकील झाले.

कुत मात्र सुटले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० जण हताहत झाले, म्हणजे ज्यांना सोडवायचे होते त्यांच्याहून सोडवायला गेलेल्यांचे नुकसान जास्त झाले. आपल्याकडे कुतची आठवण निघते तेव्हा आत अडकलेल्यांचे स्मरण होते. बाहेरच्या चिखलात पडलेल्यांचेही व्हावे, असे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ

पलटणकर यांनी कुतचा दुवा दिला, तसाच इसांडल्वानाचाही एक दुवा थेट साताऱ्याशी जोडलेला आहे. हे युद्ध ज्यांनी ओढवून आणले ते दक्षिण आफ्रिकेतील हायकमिशनर म्हणजे सर बार्टल फ्रिअर. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, तेव्हा हेच फ्रिअर साताऱ्याचे रेसिडेंट होते आणि डलहौसीने संस्थान खालसा केल्यावर तेथील कारभार त्यांच्याच हाती राहिला. पुढे १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत.

१८७७ मध्ये ते केपटाउनला गेले तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील वसाहतींचा एक संघ बनवण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि स्वतंत्र झुलू राज्य त्यांना त्यात अडसर वाटत होते. ट्रान्सवालच्या सीमेवरील वादग्रस्त जमिनीची चौकशी करणाऱ्या आयोगाने निवाडा बहुतांशी झुलूंच्या बाजूने दिला. फ्रिअर यांनी ११ डिसेंबर १८७८ रोजी तो निवाडा कळवताना त्याला निर्वाणीचा खलिता जोडला. राजा सेट्शवायो यांनी आपली सैन्यव्यवस्था मोडून टाकावी, ही त्यातील मुख्य मागणी होती. झुलू समाजात तरुणांच्या वयोगटानुसार पलटणी असत आणि लग्नाची परवानगीसुद्धा त्या व्यवस्थेतून मिळे; म्हणजे ती मागणी मान्य करणे म्हणजे राज्यच मोडणे होते. लंडनच्या सरकारला त्या वेळी हे युद्ध नको होते, कारण अफगाण युद्ध नुकतेच सुरू झाले होते. परंतु तारेची सोय केपटाउनपर्यंत पोहोचलेली नव्हती, निरोपाला आठवडे लागत, आणि फ्रिअर यांनी त्या अंतराचा उपयोग करून घेतला. ११ जानेवारी १८७९ रोजी सैन्य नदी ओलांडून झुलूलँडमध्ये शिरले. म्हणून २४ व्या रेजिमेंटच्या मृत्यूंचा हिशेब मांडताना चेम्सफर्ड यांच्या आधी फ्रिअर यांचे नाव घ्यावे, असे माझे मत आहे.

वाचनवेडी

आतापर्यंतची सारी चर्चा पलटणीच्या बाजूने झाली. मला झुलूंच्या बाजूने काही म्हणायचे आहे.

इसांडल्वाना हा आघात होता तो आक्रमण करून आलेल्यांसाठी. झुलूंच्या दृष्टीने तो आपल्या घरावर चालून आलेल्या सैन्याला परतवण्याचा दिवस होता. त्यांच्या व्यूहाला म्हशीची शिंगे म्हणत: मधली छाती शत्रूला अडकवून ठेवते, दोन शिंगे बाजूंनी वळसा घालून मागची वाट बंद करतात आणि राखीव दळ पाठीशी बसून राहते. काही हजार पावलांच्या त्या माळावर, मार्टिनी-हेन्री रायफलींच्या माऱ्यात पुन्हा पुन्हा आडवे पडत, उठत, पुढे सरकत हा व्यूह पुरा करणे हे केवळ संख्येचे काम नव्हते; त्यासाठी शिस्त लागते. त्यांचेही एक हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक लोक त्या दिवशी मारले गेले. कोणाच्याही छातीवर पदक लागले नाही आणि बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

छावणीत मेलेल्यांमध्ये शेजारच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या स्थानिक पलटणीतले शेकडो आफ्रिकी लोकही होते, हेही लक्षात घ्यावे. आणि रॉर्क्स ड्रिफ्टच्या बाबतीत सांगायचे तर लढाईनंतर मैदानात पडलेल्या अनेक जखमी झुलूंना ठार मारण्यात आले. त्याची साक्ष त्या काळच्याच लोकांनी दिली आहे. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे पानही वाचले पाहिजे.

इसांडल्वाना येथे पूर्वी ब्रिटिशांचीच स्मारके आणि पांढऱ्या रंगाने रंगवलेले दगडांचे ढीग होते. १९९९ मध्ये, १२० वर्षांनी, तेथे झुलू योद्ध्यांचे स्मारक उभे राहिले. शौर्याबद्दल योद्ध्याला मिळणाऱ्या गळ्यातील माळेचा, इझिकूचा, तो मोठा ब्राँझचा आकार आहे.

ताम्रपट

वाचनवेडी, आपल्या प्रतिसादाने धाग्याला आवश्यक असलेली दुसरी बाजू मिळाली. त्यात एक भर घालतो. चेम्सफर्ड यांच्या तळावरून सुरुवातीला सगळा दोष डर्नफर्ड यांच्यावर ढकलण्याचा प्रयत्न झाला. ते रॉयल इंजिनियर्सचे कर्नल त्याच लढाईत मारले गेले होते, त्यामुळे उत्तर द्यायला हजर नव्हते. झुलू सेनापतींनी आपल्याहून अधिक चांगली चाल केली, हे मान्य करण्यापेक्षा आपल्यातलाच कोणी चुकला हे सांगणे सोपे होते. न्त्शिंगवायो तेव्हा सत्तरीच्या आसपास होते आणि योद्ध्यांबरोबर चालत रणांगणावर आले होते. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचा सर्वांत समर्थ सेनानी तेच होते.

पायवाट

काडतुसांच्या पेट्यांबद्दल नेहमी वाचनात येते की त्या स्क्रूंनी इतक्या घट्ट बंद होत्या की उघडता आल्या नाहीत आणि गोळ्या संपल्यामुळे फळी कोसळली. यात कितपत तथ्य आहे?

जुना पलटणकर

पायवाट, ही समजूत फार जुनी आहे. पण त्या पेट्यांची रचना पाहिली तर ती टिकत नाही. झाकणाच्या मध्यभागी सरकणारा एक लाकडी तुकडा असे आणि तो एकाच स्क्रूने धरलेला असे. त्यावर बंदुकीच्या दस्त्याचा किंवा दगडाचा घाव घातला की तो फुटत असे. रणांगणावर नंतर झालेल्या शोधात पेट्यांचे वाकलेले स्क्रूही सापडले आहेत.

खरे कारण अंतराचे दिसते. छावणीचे प्रमुख कर्नल पुलीन यांनी फळी छावणीपासून बरीच पुढे आणि फार विरळ मांडली. सैनिकाजवळ ७० काडतुसे असत. पुरवठा मागून आणायचा, समोर माणसामाणसात मोठे अंतर, आणि उजवीकडे डर्नफर्ड यांचे घोडेस्वार काडतुसे कमी पडल्यामुळे मागे हटले की ती बाजू उघडी पडली. एकदा शिंगे मागे पोहोचल्यावर कितीही काडतुसे असती तरी उपयोग नव्हता. पायदळाला आजही पहिल्या दिवसापासून शिकवतात की फळी तेवढीच लांब करावी जेवढी तुम्ही धरू शकता.

नीरा

चिलियनवालाच्या संदर्भात एक गोष्ट येथे यायलाच हवी. १९१४ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर जर्मनांच्या ताब्यातील त्सिंगताओ बंदराला जपानी सैन्याने वेढा घातला, तेव्हा त्यांच्या मदतीला ब्रिटिशांकडून जी छोटी तुकडी गेली तिच्यात दोनच पायदळ पलटणी होत्या: साउथ वेल्स बॉर्डरर्सची दुसरी बटालियन आणि ३६ व्या शीख पलटणीचा निम्मा भाग. ३६ वी शीख म्हणजे १८९७ मध्ये २१ जणांनी सारागढीचे ठाणे शेवटच्या माणसापर्यंत लढवले तीच. चिलियनवाला येथे ज्या शिखांच्या तोफांसमोर या पलटणीचे सैनिक पडले, त्यांचे नातू-पणतू पासष्ट वर्षांनी त्यांच्याच शेजारच्या खंदकात होते. रॉर्क्स ड्रिफ्टची पलटण आणि सारागढीची पलटण एकाच छोट्या ब्रिगेडमध्ये असणे ही गोष्ट मला विलक्षण वाटते. ७ नोव्हेंबर १९१४ रोजी बंदर पडले आणि पुढच्या एप्रिलमध्ये हीच वेल्श बटालियन गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरत होती.

अंदमानचाही उल्लेख करते. मे १८६७ मध्ये लिटल अंदमान बेटावर अडकलेल्या सहकाऱ्यांना सोडवण्यासाठी दुसऱ्या बटालियनच्या पाच जणांनी, म्हणजे एक सहायक सर्जन आणि चार शिपाई यांनी, खवळलेल्या लाटांत वारंवार होडी घातली आणि पाचही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर शत्रूचा मारा नसताना दिलेले हे विरळ क्रॉस आहेत. त्या पाचांपैकी विल्यम ग्रिफिथ्स पुढे इसांडल्वाना येथे मारले गेले.

सागरपार

मी कार्डिफमध्ये राहते आणि ब्रेकनला गेले आहे, म्हणून तेथे काय पाहता येते ते सांगते. गावातील जुन्या लष्करी इमारतीत पलटणीचे संग्रहालय आहे आणि त्यात झुलू युद्धाचे दालन सर्वांत मोठे आहे. झुलू ढाली आणि भाले मार्टिनी-हेन्री रायफलींच्या बरोबरीने मांडलेले आहेत. पण ज्यांना वेळ थोडा असेल त्यांनी आधी ब्रेकनच्या कॅथीड्रलमध्ये जावे. तेथील हॅवर्ड चॅपल हे पलटणीचे प्रार्थनास्थान आहे आणि नदीतून काढलेले ते राणीचे निशाण तेथेच ठेवलेले आहे. कापड इतके जीर्ण झाले आहे की रंग ओळखणे कठीण जाते. भिंतींवरील पाट्यांवर नावे वाचताना माझ्या लक्षात आले की आयरिश, इंग्रज आणि वेल्श आडनावे एकमेकांत मिसळलेली आहेत, म्हणजे वर ताम्रपट यांनी भरतीविषयी जे लिहिले ते तेथे दगडावर दिसते.

एक विचारायचे आहे. आता या नावाची पलटण उरलेली नाही, असे तेथे समजले. ते कसे घडले?

ताम्रपट

सागरपार, निशाणाचे प्रत्यक्ष वर्णन दिल्याबद्दल आभार.

पहिल्या महायुद्धात या पलटणीच्या अनेक नव्या बटालियन उभ्या राहिल्या. त्यांतील १० वी आणि ११ वी या ग्वेंटच्या खोऱ्यांतून, मोठ्या प्रमाणात खाणकामगारांमधून, भरल्या गेल्या होत्या आणि ३८ व्या वेल्श डिव्हिजनबरोबर जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधील सोम आघाडीवरील मामेट्झच्या जंगलात लढल्या. त्या पाच-सहा दिवसांत डिव्हिजनचे सुमारे ४,००० जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. जे वेल्शपण १८७९ मध्ये अपुरे होते ते येथे पूर्ण झाले, असे मी मानतो. दुसऱ्या महायुद्धात दुसरी बटालियन ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली आणि सहावी बटालियन आराकान व उत्तर ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली.

साम्राज्य आटोपले तसे सैन्य कमी होत गेले. ११ जून १९६९ रोजी साउथ वेल्स बॉर्डरर्स आणि वेल्च रेजिमेंट यांचे विलीनीकरण होऊन रॉयल रेजिमेंट ऑफ वेल्स झाली. १ मार्च २००६ रोजी, म्हणजे वेल्सचे संत डेव्हिड यांच्या दिवशी, तीही रॉयल वेल्च फ्युसिलियर्सबरोबर एकत्र होऊन आजची रॉयल वेल्श बनली. फ्युसिलियर्सच्या गणवेशातील मानेमागच्या काळ्या फिती आणि संचलनात पुढे चालणारी बकऱ्याची परंपरा नव्या पलटणीत आली, वेल्च रेजिमेंटचे 'अपमानापेक्षा मरण बरे' या अर्थाचे वेल्श ब्रीद आले, आणि २४ व्या रेजिमेंटकडून रॉर्क्स ड्रिफ्टचा दिवस व राणीच्या निशाणावरील चांदीचे पुष्पचक्र आले. १६८९ पासून सुरू झालेली नावांची साखळी अशी तीन पलटणींच्या वाट्याला गेली आहे. वेल्च रेजिमेंटच्या पूर्वजांपैकी ६९ वी रेजिमेंट १८०६ च्या वेल्लोरच्या उठावात किल्ल्यात होती. तो विषय मोठा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढणेच योग्य होईल. ज्यांच्याकडे वेल्लोरविषयी वाचन असेल त्यांनी जरूर लिहावे.